रात्रभराचं मच्छर मशीन की बारा मिनिटांची वाफ : वीज जास्त कोण खातं?

(एपिसोडचं लिखित रूप. बोलण्यातली अडखळ थोडी कमी केली आहे, बाकी जसंच्या तसं. मागे कुत्रं भुंकतंय ते आमच्याच अंगणातलं आहे, ते एडिट करून काढता आलं नाही.)

आजचा एपिसोड मी पुण्याच्या खोलीतून नाही, गावाकडून करतोय. गाव म्हणजे मार्कंडा, चामोर्शी तालुका, जिल्हा गडचिरोली. महाशिवरात्रीच्या जत्रेला कधी आला असाल तर माहीत असेल, वैनगंगेच्या काठचं देऊळ, जिथे नदी उत्तरेकडे वळते. नसाल आला तर या एकदा. पण जत्रा सोडून या, म्हणजे देवळावरचं कोरीवकाम नीट बघता येईल.

विषय विजेचा आहे. आणि विजेचा म्हणजे फार मोठा काही नाही. घरातली दोन छोटी मशीनं. एक ते रात्री प्लगमध्ये लावतो ते मच्छर मशीन, गुड नाईट म्हणा, ऑल आउट म्हणा, जे असेल ते. दुसरं सर्दी झाल्यावर टेबलावर ठेवून वाफ घेतो ते प्लास्टिकचं मशीन. दोन्ही करतात एकच, काहीतरी तापवून हवेत सोडतात. प्रश्न असा, की यातलं वीज जास्त कोण खातं?

हा प्रश्न मला का पडला ते आधी सांगतो. यात माझीच चूक आहे, म्हणून जरा लांबण लागेल.

मागच्या पावसाळ्याआधीची गोष्ट. मी पुण्यात बसून आईला फोनवर ज्ञान देत होतो. बिल जास्त आलं म्हणून ती कुरकुर करत होती. मी म्हटलं, आई, घरात जिथे जिथे लाल लाईट दिसतो ना, तिथे तिथे वीज जातेय. स्टँडबाय म्हणतात त्याला. रात्री झोपताना सगळ्या पिना काढून ठेवत जा. मी कुठल्यातरी व्हिडिओत ऐकलेलं तसंच्या तसं पुढे ढकललं. बीटेक झालेला मुलगा सांगतोय म्हटल्यावर आईने ते मनावर घेतलं.

आता आमच्या घरात लाल लाईट कुठे कुठे होता? एक्स्टेंशन बोर्डाला, टीव्हीला आणि आजीच्या खोलीतल्या मच्छर मशीनला. सेट टॉप बॉक्सला हिरवा होता. म्हणजे आईने रोज रात्री दहा वाजता आजीच्या खोलीतलं मशीन बंद केलं, आणि सेट टॉप बॉक्स रात्रभर सुरू राहिला. हसू नका. नियम मीच दिला होता.

जुलैत आजीला ताप आला. आधी थोडी सर्दी होती, त्यामुळे घरी वाटलं पावसात भिजल्याचं असेल. आईने वाफेचं मशीन काढलं. २०२१ ला कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत सगळ्यांनी घेतली तसं आम्हीही एक घेऊन ठेवलं होतं. दोन दिवस सकाळ-संध्याकाळ वाफ. तिसऱ्या दिवशी थंडी वाजून हुडहुडी भरली, तेव्हा आशाताईंना बोलावलं. त्यांनी बोटातून थेंबभर रक्त घेतलं, पट्टीवर टाकलं, पंधरा-वीस मिनिटांनी रेघ आली. फाल्सीपेरम मलेरिया. गोळ्यांचा कोर्स लगेच सुरू झाला आणि आजी बरी झाली, हे आत्ताच सांगून टाकतो, उगीच सस्पेन्स नको. आत्ता ती पलीकडच्या खोलीत आहे आणि मी कोणाशी बोलतोय हे तिला अजून समजलेलं नाही.

मी सुट्टी टाकून घरी आलो आणि आईला विचारलं, मशीन का बंद होतं गं? आई म्हणाली, "तूच तं म्हनला होता ना बाबू, लाल लाईट दिसला का पिन काढाची."

आता खरं सांगायचं तर तो मच्छर नेमका कुठे चावला हे कोणालाच सांगता येणार नाही. आजी त्याआधी एटापल्लीला आत्याकडे राहून आली होती, आणि जिल्ह्यातला मलेरियाचा मोठा भार तिकडेच आहे, एटापल्ली, भामरागड, धानोरा, कोरची या जंगलाच्या पट्ट्यात. महाराष्ट्रात मलेरियाचे सगळ्यात जास्त पेशंट ज्या जिल्ह्यांत सापडतात, त्यांत आमचा जिल्हाही आहे. त्यामुळे सगळा दोष त्या पिनेवर टाकता येत नाही. पण मला ते डोक्यातून जाईना. आपण सल्ला दिला, आणि एकदाही मोजलं नाही की ते मशीन खातं किती. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही ज्युनिअरला ओरडतो ना, की मोजल्याशिवाय ऑप्टिमाइझ करू नकोस म्हणून. घरी मात्र मी नेमकं तेच केलं होतं.

म्हणून मग मोजलं.

मोजायला काहीही विकत आणावं लागत नाही, हे आधी ऐका. तुमच्या घराबाहेरच्या इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक छोटा लाल एलईडी ब्लिंक होतो. शेजारी लिहिलेलं असतं, अमुक इतके आयएमपी पर केडब्ल्यूएच. आमच्या मीटरवर ३२०० आहे. म्हणजे तो दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट झालं. एक युनिट म्हणजे हजार वॅटची वस्तू एक तास चालवणं. तर एका ब्लिंकमागे किती? हजार भागिले ३२००, म्हणजे ०.३१२५ वॅट-तास. आता फॉर्म्युला सोपा होतो. दोन ब्लिंकमध्ये किती सेकंद गेले ते मोबाईलच्या स्टॉपवॉचवर मोजा आणि ११२५ ला त्या सेकंदांनी भागा. उत्तर वॅटमध्ये. तुमच्या मीटरवर वेगळा आकडा असेल तर ३६ लाख भागिले तो आकडा करा, ११२५ च्या जागी ते येईल.

घरातलं सगळं बंद करायचं, ज्याचं मोजायचं तेवढंच सुरू ठेवायचं. फ्रिज विसरू नका. मी विसरलो होतो आणि पहिला अर्धा तास वाया गेला.

पहिलं मच्छर मशीन. इथे एक अडचण आहे. हे इतकी कमी वीज घेतं की एकटंच लावलं तर मीटर ती नीट मोजेल याची खात्री नसते, कारण प्रत्येक मीटरला मोजणं सुरू व्हायला थोडातरी करंट लागतो. म्हणून मी सोबत ९ वॅटचा एलईडी बल्ब लावला. नुसत्या बल्बवर दर १२५ सेकंदांनी ब्लिंक. मशीन लावल्यावर दर ८० सेकंदांनी. ११२५ भागिले ८० म्हणजे १४. त्यातले ९ बल्बचे वजा करा. राहिले ५ वॅट.

पाच वॅट, मंडळी. रात्रीचे दहा तास धरले तर ५० वॅट-तास, म्हणजे ०.०५ युनिट. महिन्याला दीड युनिट. हिशेबाला सोपं म्हणून युनिटला दहा रुपये धरू, तर महिन्याला पंधरा रुपये. आणि आतली ती औषधाची बाटली? ती मी ऐंशी-नव्वद रुपयांना आणतो. म्हणजे आई जे वाचवत होती ते पंधरा रुपयेसुद्धा पूर्ण नव्हते, कारण संध्याकाळी सात ते दहा मशीन सुरूच असायचं.

गंमत म्हणून अजून एक गणित केलं. आमच्या शेजारच्या चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट आहे. त्याला पाचने भागलं तर ५८ कोटी ४० लाख मच्छर मशीनं होतात. महाराष्ट्रातल्या प्रत्येक माणसाला चार-चार देऊन वर उरतील.

हे मशीन इतक्या कमी विजेत कसं चालतं? तर त्यात बाटलीतली वात वर येते आणि तिच्याभोवती एक गरम कडं असतं. आत पीटीसी नावाचा छोटा तुकडा असतो. हा तुकडा तापला की स्वतःचा रेझिस्टन्स वाढवतो आणि करंट आपोआप कमी करतो. थर्मोस्टॅट नाही, कोड नाही, चिप नाही, नुसता पदार्थाचा गुणधर्म. मला हे फार आवडलं. संध्याकाळी गावात व्होल्टेज उतरलं तरी हा गडी आपलं तापमान बऱ्यापैकी सांभाळतो. आणि उडवायचं असतं ते औषध इतकं थोडं असतं, की ते उडवायला ऊर्जा लागतच नाही म्हटलं तरी चालेल.

आता दुसरं. वाफेचं मशीन. इथे खरी मजा आहे.

आमच्याकडचं मशीन स्वस्तातलं आहे. उघडून बघितलं तर आत कॉईल नाहीच. दोन धातूच्या पट्ट्या आहेत, एकमेकींपासून थोड्या अंतरावर. करंट थेट पाण्यातून जातो आणि पाणी स्वतःच तापतं. म्हणजे हिटर कोण, तर पाणी. आणि मग वॅट किती हे मशीनवर नाही, पाण्यावर ठरतं!

मी तीन पाणी करून बघितली. बोअरचं पाणी, जड, आमच्याकडे भांड्यांवर पांढरे डाग पडतात तसलं. सुरुवातीला दर सात सेकंदांनी ब्लिंक, म्हणजे १६० वॅट. पाणी तापत गेलं तसा वेग वाढला, कारण गरम पाण्यातून करंट जास्त जातो. उकळी फुटली तेव्हा दर तीन सेकंदांनी, म्हणजे ३७५ वॅट. मग आरओच्या जारचं पाणी टाकलं. बावीस सेकंदांनी एक ब्लिंक, पन्नासेक वॅट, आणि दहा मिनिटं झाली तरी पाणी नुसतं गरम, वाफेचा पत्ता नाही. मग त्याच पाण्यात चिमूटभर मीठ. आणि इथे मी घाबरलो. ब्लिंक मोजता येईनात इतके भराभर, आणि तोटीतून वाफेबरोबर उकळतं पाणीच उडायला लागलं. लगेच बोर्डावरचं बटण बंद केलं.

हे घरी करू नका. मी सांगतोय तेवढं पुरे. त्या पाण्यात सरळ बोर्डातला करंट असतो, त्यामुळे पिन लावलेली असताना त्यात बोट घालायचं नाही, पाणी ओतायचं नाही. आणि लहान मुलांना मांडीवर घेऊन वाफ देऊ नका, भांड्याची तर नाहीच नाही. पाणी सांडून भाजलेली मुलं दवाखान्यात येतात, आणि मिळतं काय, तर बंद नाक थोडा वेळ मोकळं वाटतं. बस.

बरं, एकूण हिशेब. बोअरच्या पाण्यावर आई देते तशी पूर्ण एक वाफ, बारा मिनिटं. मी ब्लिंक मोजत बसलो. दोनशे झाले. दोनशे गुणिले ०.३१२५ म्हणजे ६२.५ वॅट-तास.

आता मघाचा आकडा आठवा. मच्छर मशीनची अख्खी रात्र, ५० वॅट-तास. म्हणजे बारा मिनिटांची एक वाफ त्या रात्रभराच्या मशीनपेक्षा जास्त वीज खाते. आजीला दिवसातून दोनदा वाफ दिली त्या एका दिवसाच्या विजेत तिच्या उशाशी मशीन अडीच रात्री चाललं असतं. हा आकडा मी वहीत लिहिला आणि बराच वेळ त्याकडे बघत बसलो.

इतकी वीज का लागते, तर पाण्याची वाफ करणं हे फार महागडं काम आहे. एक ग्रॅम पाणी खोलीच्या तापमानापासून उकळीपर्यंत न्यायला साधारण ३१४ ज्यूल पुरतात, पण उकळीला आलेल्या त्याच एका ग्रॅमची वाफ करायला २२५७ ज्यूल. सातपट! शाळेत सुप्त उष्मा म्हणून पाठ केलं होतं ना, तेच हे. मशीन कुठल्याही कंपनीचं घ्या, तेवढ्याच पाण्याची वाफ हवी असेल तर तेवढी ऊर्जा लागणारच. त्यामुळे वाफेच्या दोन मशीनांमध्ये कमी वॅटचं कुठलं, असं शोधत बसू नका. कमी वॅटचं मशीन हळू वाफ करतं, एवढाच फरक.

रुपयांत म्हणाल तर वाफ एका वेळेला साठ पैसे. म्हणजे दोन्ही मशीनं बिलात दिसतसुद्धा नाहीत. मग दिसतं काय? तो हिरव्या लाईटचा सेट टॉप बॉक्स. टीव्ही रिमोटने बंद, बॉक्स तसाच. मोजला तर १० वॅट. चोवीस तास, तीस दिवस, ७.२ युनिट. जवळजवळ पाच मच्छर मशीनांइतकं, आणि कोणी बघत नसताना. आईला सांगितलं तेव्हा तिने माझ्याकडे असं बघितलं की मी पुढचं वाक्य गिळलं.

तिची बिलाची भीती मात्र खोटी नव्हती, तेही सांगतो. आपल्याकडे घरगुती बिलात शंभर युनिटपर्यंत एक दर आणि त्यापुढे तीनशेपर्यंत बराच जास्त दर असतो. आमचं घर नेमकं शंभरच्या आसपास घुटमळतं. पण आईला वाटायचं की १०१ वं युनिट झालं की सगळंच बिल वरच्या दराने येतं. तसं नसतं. शंभरच्या वरची जेवढी युनिटं, तेवढ्यांनाच वरचा दर. हे तिला कोणी समजावून सांगितलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

इथे एपिसोड संपला असता. मशीन पाच वॅटचं आहे, बिनधास्त रात्रभर लावा, धन्यवाद. पण मी आजीच्या खोलीत झोपून बघितलं.

आजीच्या खोलीवर कवेलू आहेत. वर बघितलं तर फटींतून उजेड दिसतो. खिडकीला जाळी नाही. ही मशीनं बंद खोलीचा विचार करून बनवलेली असतात, औषधाची वाफ खोलीत साठली पाहिजे. कवेलूच्या खोलीत ती वर जाऊन निघून जाते. आणि दुसरं म्हणजे लाईन. पावसाळ्यात वारा सुटला की लाईन जाते, कधी तासभर, कधी रात्रभर. तेव्हा पाच वॅटही नाही आणि काहीच नाही. मलेरियाचा अॅनॉफिलीस रात्रीच चावतो, पार पहाटेपर्यंत. डेंग्यूचा एडीस दिवसा. म्हणजे ज्या वेळी मशीन हवं, त्याच वेळी लाईन नसते.

पॉवर बँकचा विचार आलाच असेल तुमच्या डोक्यात. यूएसबीवर चालणारी मशीनं मिळतात. दहा हजार एमएएचच्या पॉवर बँकेतून प्रत्यक्षात पंचवीस-तीस वॅट-तास हाती लागतात, म्हणजे पाच वॅटचं मशीन पाच-सहा तास. वाईट नाही. पण मग सकाळी फोन चार्ज कशावर करणार? आणि इन्व्हर्टर असेल तर तो स्वतःच सुरू राहायला या मशीनपेक्षा जास्त वीज घेतो.

मग आजीच्या ट्रंकेत बघितलं. मच्छरदाणी होती. सरकारी वाटपात मिळालेली, धाग्यातच औषध असलेली. घडी न मोडलेली. शून्य वॅट. आजीला विचारलं, आजी, ही का लावत नाही? आजी म्हणाली, "जीव घुसमटते रे. हवा लागत नाही आत."

खरंच लागत नाही. मी आत झोपून बघितलं. जाळीने पंख्याची हवा अडते, आणि आमच्याकडचा मे-जून आणि पावसाळ्यातली उमस तुम्हाला माहीत नसेल तर चंद्रपूरच्या कोणाही मित्राला विचारा.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी चुकीच्या वस्तू मोजत होतो. खरा खर्च पंख्याचा होता. आजी टेबल फॅन एक नंबरवर, पायाशी, लांब ठेवून झोपायची, बिल वाचावं म्हणून. आम्ही तो खाटेच्या बाजूला, जाळीपासून हातभर अंतरावर आणला आणि फुल केला. हवा आत जायला लागली. मोजलं, वीस सेकंदांना एक ब्लिंक, साधारण ५५ वॅट. दहा तासांचं अर्ध्या युनिटच्या थोडं वर, महिन्याला साडेसोळा युनिट. दहाच्या दराने १६५ रुपये. मच्छर मशीनच्या अकरापट. आता हा खर्च दिसतो. आई म्हणाली, "एवढे?" मी म्हटलं, सेट टॉप बॉक्स बंद केला तर बहात्तर तिथेच सुटले. बाकीचे मी पाठवतो.

लाईन गेली की पंखाही बंद होतो, हे कबूल. पण मच्छरदाणी जागेवर राहते, फक्त उकडतं. आजी अशा रात्री शिव्या देते, मला आणि लाईनला दोघांनाही, पण बाहेर येत नाही. मशीनही आम्ही ठेवलंय, संध्याकाळी जेवणाच्या वेळी, सगळे बसलेले असतात तेव्हा.

वाफेचं मशीन माळ्यावर गेलं. फेकलं नाही, सर्दीला लागतंच. फक्त घरात ठरलंय की ताप असेल तर आधी आशाताई, मग वाफ. आमच्या भागात कुठलाही ताप मलेरियाचा असू शकतो, आणि ती तपासणी फुकट होते, पंधरा-वीस मिनिटांत. आम्ही साठ-साठ पैशांच्या वाफेत दोन दिवस घालवले होते.

एक राहिलं. बऱ्याच जणांनी मागे विचारलं होतं की ऑनलाईन मिळणारं प्लगचं वॅटमीटर घ्यावं का. मोठ्या वस्तूंना घ्या, गीझर, इस्त्री, वाफेचं मशीन. पाच-दहा वॅटच्या वस्तूंना स्वस्तातली वॅटमीटरं बरीच चुकतात. त्यासाठी बाहेरचा मीटर आणि सोबत एक बल्ब, हीच पद्धत बरी. तुमच्या मीटरवरचा आयएमपी आकडा आणि घरातल्या एका वस्तूचे सेकंद मला पाठवा. एकच अट, फ्रिज बंद करून मोजा. पुढच्या वेळी त्यातलेच काही घेऊन बसू.

आजी हाक मारतेय. जेवायला बोलावतेय बहुतेक. चला, ठेवतो.